१४ वर्षांखालच्या संघाचा युरोप दौरा: अठराव्या मुलाला किती मिनिटं मिळणार?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाचा १४ वर्षांखालचा फुटबॉल संघ आहे, मुलं २०. एका टूर कंपनीने स्पेनमधल्या नावाजलेल्या क्लबच्या नावाने जुलैतलं आठ दिवसांचं पॅकेज देऊ केलंय. त्यात पाच ट्रेनिंग सेशन, स्टेडियम दर्शन, दोन मैत्रीपूर्ण सामने आणि ‘स्काउटसमोर ट्रायल’, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्या माणसासमोर चाचणी, आहे. मंडळ विचारतंय की हे घ्यावं का, आणि जायचं ठरलं तर तयारी कशी करावी.

हे पॅकेज घेऊ नका. दौरा मात्र करा.

परदेश दौऱ्याचा हिशोब मी एकाच मापाने करतो. संघातला सगळ्यात कमी चमकणारा मुलगा, म्हणजे यादीतला अठरावा (२० ऐवजी १८ का, ते पुढे येतं), तिथे किती मिनिटं खेळणार? बाकी स्टेडियम, जर्सी, क्लबच्या दारातला फोटो, हे सगळं वरचं सजवणं. तुमच्या पॅकेजात दोन सामने आहेत. पंचवीस मिनिटांचे दोन हाफ धरले तर एका सामन्यात मैदानावरच्या ११ जणांची मिळून ५५० मिनिटं, दोन सामन्यांची ११००. ती २० मुलांत वाटली की प्रत्येकाला ५५ मिनिटं येतात. तीही समान वाटली तर. दोन-अडीच लाख रुपये मोजून आपल्या पोराला एक धड सामनाभर फुटबॉल मिळणार हे एकदा पालकांच्या बैठकीत फळ्यावर मांडून दाखवा, मग मत विचारा.

आता दुसरा पर्याय मांडून बघा. किमान चार सामन्यांची खात्री देणारी स्पर्धा, तिच्या आधी स्थानिक क्लबांशी तीन मैत्रीपूर्ण सामने. झाले सात. मुलं १८ नेली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २१४ मिनिटं येतात. दिवस तेवढेच, खर्चही जवळपास तेवढाच, खेळ मात्र चौपट. म्हणून पहिला निर्णय संख्येचा: २० नको, १८ न्या, त्यात दोन गोलकीपर. सोळा नेण्याचा मोह होतो, पण परदेशात दोघांचा पाय मुरगळला आणि एकाला ताप आला की बेंच रिकामा पडतो.

ट्रायलबद्दल पालकांना आधीच सांगून टाका, नाहीतर नंतर तुमच्याच दारात भांडणं येतील. फिफाच्या नियमावलीतलं कलम १९ अल्पवयीन खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदलीला बंदी घालतं. वय १८ पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर होते. युरोपीय संघाच्या अंतर्गत १६ ते १८ वयोगटाला सवलत आहे, ती आपल्या उपयोगाची नाही. सीमेजवळ राहणाऱ्यांसाठी एक आहे, तीही नाही. हा नियम कागदावरचा आहे असं समजू नका. २०१४ मध्ये फिफाने याच कारणासाठी बार्सिलोनावर खेळाडू घेण्याची बंदी घातली, २०१६ मध्ये रेआल माद्रिद आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदवर. जिथे एवढ्या मोठ्या क्लबांना सूट नाही, तिथे पेठेतल्या १३ वर्षांच्या पोराला कोणी स्काउट करारावर सही करायला लावेल, हे विकणारा एकतर अडाणी आहे किंवा लबाड. दोन्ही प्रकारांच्या हातात मुलं द्यायची नसतात.

क्लबच्या नावाच्या ट्रेनिंगबद्दलही थोडं. मोठे क्लब उन्हाळ्यात शिबिरं चालवतात, ती त्यांची व्यावसायिक शाखा असते. प्रशिक्षक चांगले असतात, वाईट म्हणत नाही. पण त्या क्लबची जी खरी अकादमी, तिची मुलं जुलैत सुटीवर असतात. स्पेनमधला हंगाम साधारण सप्टेंबर ते जून चालतो. जुलैमध्ये तिथे तोडीचा स्थानिक संघ मिळणं अवघड, म्हणूनच तुमच्या पॅकेजात सामने दोनच आहेत. ते दोनही बहुधा दुसऱ्या एखाद्या पर्यटक संघाशी होतील.

आता महिना. हा निर्णय बहुतेक मंडळं उलटा घेतात, आधी स्पर्धेच्या नावावर भाळतात आणि मग तारीख गळ्यात घेतात. कोल्हापूरच्या मुलांसाठी जुलै का नको ते बघा. जूनच्या मध्यापासून पाऊस. मैदानं चिखल. म्हणजे दौऱ्याआधीचा महिना, जो तयारीचा खरा महिना, तो हॉलमध्ये किंवा टर्फच्या पिंजऱ्यात जाणार. शाळा नुकतीच सुरू झालेली. सुब्रोतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका-जिल्हा फेऱ्याही साधारण याच सुमारास लागतात, आणि त्या चुकवून युरोपला गेलेल्या मुलाच्या शाळेतले क्रीडाशिक्षक पुढचं वर्षभर तुमच्याशी बोलणार नाहीत. त्यांचंही बरोबर आहे.

मे महिना घ्या. परीक्षा संपलेल्या, निकाल लागलेला, मुलं हिवाळ्यापासून खेळून तयार, पाय चालते. आणि युरोपात हंगाम अजून संपलेला नसतो. नेदरलँड्स आणि जर्मनीत पेंटेकॉस्टच्या सुटीला, म्हणजे इस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या लांब वीकएंडला, गावोगावच्या क्लबांत मुलांच्या स्पर्धा भरतात. आपल्याकडे जत्रेच्या निमित्ताने कुस्त्यांचं मैदान भरतं ना, तसंच: गावचा क्लब यजमान, क्लबातले स्वयंसेवक आईबाप स्वयंपाकघरात, बाहेरून आलेले संघ. प्रवेश फी मोठ्या स्पर्धांच्या मानाने कमी असते, आणि समोर येणारे संघ हंगामभर आठवड्याला खेळून आलेले असतात. त्या वीकएंडच्या आधीचे चार-पाच दिवस त्याच भागातल्या क्लबांना ईमेल करून मैत्रीपूर्ण सामने ठरवा. संध्याकाळी सहा-सातला त्यांची प्रॅक्टिस असतेच. ‘भारतातून १४ वर्षांखालचा संघ येतोय, तुमच्या मधल्या ताकदीच्या संघाशी सामना हवा’ असं साधं लिहा. ‘मधल्या ताकदीच्या’ हे लिहायला विसरू नका. नाहीतर मानाने ते आपला पहिला संघ उतरवतात आणि पोरं बारा गोल खाऊन झोपायला येतात. त्यातून कोणी काही शिकत नाही.

तरीही मंडळाची इच्छा मोठ्याच स्पर्धेची असेल तर गोथिया कपकडे बघा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७५ पासून दर जुलैत भरते, बीके हेकन हा तिथला क्लब मुख्य आयोजक. दीड हजारांहून जास्त संघ असतात. गटातले सामने संपले की वरचे दोन संघ ए प्लेऑफला, म्हणजे मुख्य बाद फेरीला जातात, उरलेले बी प्लेऑफला, त्यामुळे हरलेल्यालाही पुढचा सामना असतो. ही रचना मला फार आवडते. पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीने ही स्पर्धा आपल्या वयोगटात २०२३ मध्ये जिंकली, २०२५ मध्ये पुन्हा जिंकली. तो दाखला देऊन पालक म्हणतील, मग आपण का नाही? कारण ती मुलं निवासी अकादमीत वर्षभर एकत्र राहून सराव करतात. तुमची मुलं शाळा, क्लास आणि तालीम सांभाळून खेळतात. तुम्ही बी प्लेऑफमध्ये दोन सामने जिंकलात तरी पेठेत मिरवणूक काढायला हरकत नाही. तिथे मुक्काम बहुतेक संघांचा शाळांच्या वर्गखोल्यांत असतो, जमिनीवर गादी टाकून. रात्री दहापर्यंत उजेड आणि पहाटे साडेचारला पुन्हा उजेड, त्यामुळे डोळ्यांवर बांधायची पट्टी सामानात हवीच.

कागदपत्रांचं काम आज सुरू करा, दौरा पुढच्या मेमध्ये असला तरी. अडतं ते नेहमी नावात. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसतं, ‘पुरुष’ एवढंच आणि आईवडिलांची नावं. शाळेच्या जनरल रजिस्टरला वेगळं स्पेलिंग, आधारला तिसरं. हे तिन्ही एका ओळीत आणण्यातच दोन महिने जातात, कारण महापालिका, शाळा आणि आधार केंद्र तिघेही आधी दुसऱ्याकडचा कागद मागतात. रांचीजवळच्या ‘युवा’ संस्थेच्या मुली २०१३ मध्ये स्पेनला जाऊन गास्तेइस कपमध्ये तिसऱ्या आल्या, त्यांना जन्मदाखल्यांसाठी किती खेटे घालावे लागले हे तेव्हा देशभर छापून आलं होतं. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ व्या वाढदिवसापर्यंतचा असतो, आणि त्याला आईवडील दोघांची संमती लागते. वडील वेगळे राहत असतील, आईकडे एकटीकडे ताबा असेल, तर तो कागद वेगळा. असं घर प्रत्येक संघात एखादं असतंच. त्या आईला सगळ्यांसमोर विचारू नका, बाजूला घेऊन बोला.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. तुम्ही तीन महिने आधी करा. अर्ज त्या देशाकडे, जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार. फी १२ वर्षांपुढच्यांना ९० युरो. बारा पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तेव्हा मुंबईची एक फेरी सगळ्यांची एकत्र ठरवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा सक्तीचा आहे. घेताना ‘स्पर्धात्मक खेळात झालेली दुखापत’ त्यात धरली आहे ना, ते पॉलिसीत शोधा. स्वस्त पॉलिस्या नेमकं तेच वगळतात.

व्हिसा अधिकारी संघाच्या अर्जांकडे संशयाने बघतात, आणि त्याला कारणं आहेत. २०२५ मध्ये पाकिस्तानातून २२ जण फुटबॉल संघ असल्याची बतावणी करून जपानला पोहोचले आणि तिथून परत पाठवले गेले. त्यामुळे तुमचा संघ खरा आहे हे कागदाने दिसलं पाहिजे: केएसएकडची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणी, मुलांची महासंघाच्या प्रणालीतली नोंद, मागच्या दोन हंगामांचे सामनापत्रक, शाळेचे बोनाफाईड, यजमान क्लबचं निमंत्रण, परतीची तिकिटं. परदेशात खेळण्यासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची परवानगी मागा. पत्र वेळखाऊ आहे, पण ते फाईलमध्ये असलं की बाकीच्या टेबलांवर काम सोपं होतं. आणि जर्सीच्या छातीवर ‘इंडिया’ लिहू नका. तुम्ही तालमीचा संघ आहात, तालमीचं नाव लिहा. त्यात कमीपणा कसला?

रिक्षा चालवणाऱ्या, गुऱ्हाळावर काम करणाऱ्या पालकांचं बँक स्टेटमेंट पाहून व्हिसा मिळेल का, ही भीती मला नेहमी विचारली जाते. मिळतो. त्या मुलांचा खर्च मंडळ करणार असेल तर तसं पत्र, मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेखापरीक्षण झालेले हिशोब आणि खात्यात ती रक्कम, एवढं लावा. आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी उसने घेऊन खात्यात भरलेले पैसे मात्र लगेच ओळखू येतात.

पैशाबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चातून, खेळाच्या प्रशिक्षणाला निधी देता येतो. पण २०२१ च्या सुधारित नियमांनुसार भारताबाहेरचा खर्च त्यात धरत नाहीत, अपवाद फक्त राज्याचं राष्ट्रीय पातळीवर किंवा देशाचं आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. तालमीचा संघ त्यात बसत नाही. म्हणून एमआयडीसीतल्या कारखान्यांकडे विमान तिकिटाचे पैसे मागायला जाऊ नका. जानेवारी ते मेच्या इथल्या प्रशिक्षणाचा खर्च मागा. तेवढा त्यांनी उचलला की तुमचा जमवलेला निधी प्रवासाला मोकळा होतो. टूर कंपनीमार्फत गेलात तर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, घेतला जातो. तो पालकांच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून परत मागता येतो. बऱ्याच घरांत विवरणपत्र भरतच नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात, एका सीएला सांगून हे काम एकदम करून घ्या.

तिकीट काढताना लंडनमार्गे स्वस्त मिळालं तरी नको, ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचं लचांड वाढतं. आखातातून एक थांबा सगळ्यात सुटसुटीत. युरोपच्या हद्दीवर ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येकाचा फोटो घेऊन नोंद करण्याची नवी यंत्रणा आली आहे, १८ मुलांना त्यात वेळ जातो. शेवटच्या विमानतळावरून पुढे ट्रेन असेल तर मध्ये तीन तास सोडा.

खेळाची तयारी. आपल्या मुलांच्या पायात चेंडू असतो तेव्हा ती कोणाला हार जात नाहीत, कोल्हापूरचं फुटबॉल बघितलेल्या कोणालाही हे सांगायला नको. अडतं पहिल्या टचला, म्हणजे आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात ताब्यात घेताना. तिकडचं गवत कापलेलं, ओलं, नेदरलँड्समध्ये तर पुष्कळ क्लबांत कृत्रिम. चेंडू उसळत नाही, सरकत येतो, आपल्या सवयीपेक्षा वेगाने. आणि तो येईपर्यंत समोरचा मुलगा अंगावर आलेला असतो. पहिल्या सामन्यातली पहिली पंधरा मिनिटं आपली मुलं चेंडू थांबवायच्या नादातच घालवतात. म्हणून शेवटचे दोन महिने मैदान मुद्दाम पाण्याने भिजवून सराव घ्या, दोन टचच्या मर्यादेत, लहान चौकोनात, सात विरुद्ध सात. ड्रिबलिंग बंद करू नका, तो तर आपला गुण आहे. ते कुठे करायचं तेवढं सांगा: समोरच्या गोलकडच्या एक तृतीयांश मैदानात बिनधास्त, आपल्या गोलसमोर नाही.

एका दिवशी दोन सामने खेळायची सवय इथेच लावा. रविवारी सकाळी एक, दुपारी एक, पंचवीस मिनिटांचे हाफ. छोट्या सामन्यात पहिल्या पाच मिनिटांत गोल खाल्ला तर सावरायला वेळ उरत नाही, म्हणून वॉर्म-अप पूर्ण घाम येईपर्यंत हवा. बूट नवे घेऊन देणारे दाते भेटतात, उत्तम. पण ते मार्चमध्येच द्या. विमानतळावर वाटलेल्या नव्या बुटांनी तिसऱ्या दिवशी निम्म्या संघाच्या टाचा सोललेल्या असतात. कृत्रिम गवतावर चालणारे आखूड खिळ्यांचे बूट असले तर एकच जोड दोन्हीकडे भागतो.

मिनिटांच्या वाटपाचा तक्ता कोचने निघण्याआधी लिहून काढावा आणि सहाय्यकाने प्रत्येक सामन्यात घड्याळ लावून भरावा. माझा नियम असा: मैत्रीपूर्ण सामन्यांत सगळ्यांना समान, गटसामन्यांत प्रत्येकाला किमान एक हाफ, प्लेऑफमध्ये कोचची मर्जी. हे पालकांना आणि मुलांना आधी माहीत असलं की बेंचवर रुसवे-फुगवे होत नाहीत. बदललेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो का, ते त्या स्पर्धेच्या नियमात आधी वाचून घ्या.

वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा. मुलांच्या शरीराला सकाळचे सात वाजले की तिकडे साडेतीन असतात, पहिले दोन दिवस सगळी टक्क जागी होतात आणि संध्याकाळी सातच्या सामन्यात पेंगतात. पोहोचल्यानंतरचा पहिला पूर्ण दिवस सामना ठेवू नका, हलका सराव आणि पायी फिरणं.

खाण्याचं आपल्याकडे उगाच मोठं प्रकरण करतात. जर्मनीतल्या यूथ हॉस्टेलांत तिन्ही वेळचं जेवण मिळतं आणि स्वस्त असतं. पास्ता, बटाटा, अंडी, केळी, दही, यावर १३ वर्षांचं पोर उत्तम खेळतं. घरची आठवण म्हणून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, खवा, तूप, सुकं मटण नको, युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सीमेवर टाकून द्यावे लागतात. त्या भागात मराठी मंडळ असेल तर त्यांना कळवा, एका संध्याकाळी वरणभात नक्की मिळतो. मात्र सामन्याच्या आदल्या रात्री नको. ती माणसं प्रेमाने इतकं वाढतात की दुसऱ्या दिवशी विंगर धावत नाही.

सुरक्षिततेत तडजोड नको. आठ मुलांमागे एक मोठं माणूस, त्यातल्या एकाला प्रथमोपचार येत असावा. रात्री कुठलाही मोठा माणूस मुलांच्या खोलीत एकटा राहणार नाही, मुलाशी एकट्याने बंद दाराआड बोलणार नाही, हा नियम कोचलाही लागू, अध्यक्षांनाही. काही स्पर्धांत मुलांना स्थानिक कुटुंबांकडे ठेवायची पद्धत आहे. चांगली माणसं असतात, तरी या वयात मी नाही म्हणतो आणि हॉस्टेल घेतो. दमा, फिट, अ‍ॅलर्जी यांची माहिती पालकांनी लाजून लपवू नये म्हणून फॉर्म घरी न पाठवता समोर बसवून भरून घ्या. औषधं मूळ वेष्टणात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. पासपोर्ट मॅनेजरकडे, प्रत्येकाची रंगीत प्रत मुलाच्या बॅगेत.

शेवटचं, पालकांनी सोबत यायचं का? आले तर स्वतंत्र तिकिटाने, वेगळ्या मुक्कामी, आणि सामन्याच्या वेळी समोरच्या बाजूला, बेंचमागे नाही. गोळा केलेल्या निधीतून एकाही पालकाचा किंवा पदाधिकाऱ्याचा प्रवास करू नका. दौऱ्याला चार मोठी माणसं लागतात, त्यात दोन कोच, एक मॅनेजर, एक फिजिओ. पाचवं नाव यादीत आलं की त्याचा खर्च कोण देणार हे त्याच बैठकीत कार्यवृत्तात लिहून घ्या.